टॅपेट कव्हरचे सहा बोल्ट

साकोली, मंगळवार

प्रिय नंदिनी,

माझ्यावरच्या अन्यायाची दखल कोणीच घेत नाही, म्हणून तक्रार आधी तुझ्याकडे नोंदवतो. तुझ्या काकूने माझी गाडी अंगणातून हद्दपार केली होती. गुन्हा काय, तर दररोज सकाळी फरशीवर बत्ताशाएवढा तेलाचा डाग. रांगोळी एका बाजूने काळी पडली म्हणून चौदा वर्षांची इमानदार गाडी रस्त्यावर, आणि टपावर शेजारच्या भैय्याजीच्या कोंबड्या. साप्ताहिकात जन्मभर लोकांची खिल्ली उडवणाऱ्या माणसाबद्दल कोंबड्यांचं काय मत आहे, ते मी रोज ओल्या फडक्याने पुसत होतो.

तुझा मेसेज मिळाला. "काका, वर्कशॉपची नोकरी सोडून राहिली. मी बसवलेलं पॅकिंग दुसऱ्यांदा गळलं. बाबासारखे माझेही हात गेले वाटते." एवढंच. चार दिवस वाचतो आहे.

तुझ्या बाबाचे हात मी तुझ्याहून जास्त वर्षं पाहिले. घराणं तलावावर जाळी टाकणारं, म्हणून असेल, पण लिलाधर पानासुद्धा जाळ्याच्या दोरीसारखा धरायचा, दोन बोटांत. इंजिनावरचं टॅपेट कव्हर उघडलं की त्याखालच्या जुन्या पॅकिंगचा, तेल अडवणाऱ्या त्या पातळ पट्टीचा, कण न् कण खरवडायचा, कोरड्या फडक्याने कडा पुसायचा, मग सहा बोल्ट आधी नुसते बोटांनी, मधून बाहेर, तिरपे. "अबे, आवळाले ताकत नाई लागत, सबूर लागते," म्हणायचा. "जास्त आवळलं का पॅकिंग पिचकते, मंग बापाले नाई ऐकत."

चार वर्षांपूर्वी माझ्या गाडीचं पॅकिंग त्यानेच बदललं. तिसऱ्या दिवशी गाडीतून तेल गळायला लागलं. मी त्याच्या गॅरेजवर गेलो आणि बसलेल्या पाच-सहा माणसांसमोर म्हणालो, "उस्ताद, आता चष्मा तरी लावा, नाहीतर जाळं तरी धरा." सगळे हसले. तोही हसला. पॅकिंग पुन्हा बदललं, पुन्हा गळलं. मग मी 'गळका उस्ताद' नावाचा लेख लिहिला. नाव दिलं नव्हतं, पण साकोलीत नाव द्यावं लागतं कुठे? त्यानंतर तो एकेक बोल्ट तीन-तीनदा तपासायचा, आणि गिऱ्हाइकाने गाडी नेली तरी पाना हातातच. तू त्याला नागपूरला नेलंस, डॉक्टर म्हणाले हात ठणठणीत आहेत. त्याला पटलं नाही. शटर पडलं, आणि गेल्या माघात माणूसही गेला. तेरवीला तू मला विचारलंस, "काका, बाबाचे हात खरंच गेले होते ना?" मी 'हो' म्हणून मान हलवली.

तेव्हापासून मला जळक्या तेलाचा वास येतो. गाडी बंद असताना येतो. पाणी पिताना, लिहिताना येतो. काकू म्हणते डोकं तपासून घ्या. मागच्या आठवड्यात मनिष मेकॅनिककडे गेलो. त्याने कव्हर काढून उन्हात धरलं आणि बोल्टच्या भोकाजवळ केसाएवढी चीर दाखवली. "हे पॅकिंगचं काम नोहे, सर. कोनीतरी लंबा पाना लावून आवळला आहे. किती बी पॅकिंगा बदला, गळनारच." नवं कव्हर बसलं. गाडी कोरडी आहे, अंगणातही परत आली. वास गेला नाही.

नंदिनी, तो कोणीतरी मी. पहिलं पॅकिंग बसवलं तेव्हा लिलाधरने बजावलं होतं, जुनं सांडलेलं तेल दोन दिवस ठिबकेल, जळेल, वास येईल, हात लावू नको. मला एक थेंब दिसला आणि मी हुशार माणूस! भैय्याजीचा लांब दांड्याचा पाना आणला, सहाही बोल्ट जीव लावून आवळले. एक बारीक 'टक्' झालं. ते मी ऐकलं. दुसऱ्यांदा पॅकिंग बदलण्याआधी तुझ्या बाबाने मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "कोनी हात लावला काय बा?" मी म्हणालो, "नाही." त्याने माझा शब्द धरला. मग दोष द्यायला त्याच्याजवळ स्वतःचे हातच उरले.

तुझं पॅकिंग का गळलं ते मला माहीत नाही. कोणाच्या शब्दावर जाऊ नको, कव्हरवर बोट फिरवून बघ. पण घराण्यात हात जायचा रोग नाही, आणि तेवढ्यासाठी नोकरी सोडू नको. आज सकाळी बस स्टँडच्या टपरीवर, तेव्हा हसलेली जी माणसं उरली आहेत त्यांच्यासमोर, हे सगळं उभ्याने सांगून आलो. कोणी हसलं नाही. भैय्याजी तेवढा म्हणाला, "मंग चार वर्सं काहून चूप होता?" मी घरी येऊन हे पत्र लिहायला बसलो. तोच प्रश्न तूही विचार.

तुझाच,
आनंदराव काका