सिद्धम्माची मंगळवारची पेशी

लातूर, बुधवार

चि. उमाशंकर यास गुरुलिंगभाऊजींचे भरपूर आशीर्वाद आणि घरातल्या थोरांना शरणु शरणार्थी. तुझा गुडघा, शिल्पाची शुगर आणि दामिनीची परीक्षा, तिन्ही आटोक्यात असतील असं धरून चालतो. इकडे मी बरा आहे. तुझी ताईही बरी आहे, पण महिनाभर माझ्याशी फक्त ओसरी पुसण्याच्या विषयावर बोलते. का, ते सांगायलाच हे पत्र. फोन केला असता, पण मंजुश्री शेजारच्या खोलीत असते, आणि (तीस वर्षं साक्षी ऐकल्यात म्हणून सांगतो) बायकोच्या कानावर पडलेली साक्ष उलटतपासणीत टिकत नाही.

तर, यंदा शिमगा झाल्यापासून दर मंगळवारी सकाळी अकराच्या ठोक्याला एक बाई ओसरीवर येऊन बसू लागली. हिरवं लुगडं, कपाळाला विभूती, मांडीवर कापडी पिशवी. "साहेब, निकाल झाला का?" एवढंच विचारायची. मी पेपरातून डोकं वर न काढता म्हणायचो, "पुढच्या मंगळवारी." ती उठून जायची. (सवय रे! दूधवाल्यालाही मी एकदा पुढची तारीख दिली होती.) अशा चार तारखा दिल्या. ती गेली की मंजुश्री फडकं घेऊन यायची. "रिटायर झालात, घरात बसून असता, मग पायाला एवढा चिखल कुठनं आणता?" ओसरीभर काळ्या मातीचा ओला चिखल. एप्रिल महिना, नळाला दहा दिवसांनी पाणी. "अगं, त्या बाईंच्या पायाचा असेल," मी म्हणालो. मंजुश्रीनं फडकं पिळलं. "कोण बाई? तुम्ही एकटेच तर बोलून राहता."

पाचव्या मंगळवारी पेपर बाजूला ठेवून मी तिच्या तोंडाकडे पाहिलं, आणि ओळखलं. नायगावच्या पुढे कवठवाडी म्हणून वस्ती आहे, तिथली सिद्धम्मा. मी नुकता न्यायाधीश झालो होतो तेव्हाचा तिचा दावा. नवरा वारलेला, शेत मधोमध अडकलेलं, आणि भावकीनं शेताची वाट बंद केलेली. तोंडी युक्तिवाद संपला, निकाल मी राखून ठेवला, तेवढ्यात माझी बदली आली आणि निकाल न लिहिताच मी बिस्तरा बांधला. पुढं दोन महिन्यांनी बदलीच्या गावी ती माझ्या कोर्टात हजर. "साहेब, निकाल?" मी पट्टेवाल्याला खूण केली, त्यानं तिला बाहेर नेलं. नेमकी त्याच दिवशी जुन्या कोर्टात तिची पेशी, म्हणजे तारीख, होती. वादी गैरहजर म्हणून दावा काढून टाकला गेला. हे मला पुष्कळ उशिरा कळलं, आणि कळल्यावर मी काहीच केलं नाही. मग मी वरिष्ठ झालो, जिल्हा न्यायाधीश झालो, नांदेडला निरोपाच्या समारंभात माझ्या तडफेवर चार भाषणं झाली. (शाल अजून आहे. चांगली ऊबदार आहे.)

पण उमाशंकर, ओसरीवरची सिद्धम्मा तेव्हा होती तेवढ्याच वयाची होती. एक केस पिकला नव्हता. माझे पडलेले दात बघ आणि हिशोब लाव.

दुसऱ्या दिवशी मी एसटीनं नायगाव गाठलं आणि तिथून रिक्षानं कवठवाडी. म्हटलं, तिच्या मुलाला सांगावं, बाबा, आईला उन्हातान्हात पाठवत जाऊ नकोस. मुलगा संगप्पा गोठ्यात होता. माझं ऐकून त्यानं आधी मला बाजेवर बसवलं, पाणी दिलं.

"माय जाऊन नऊ वर्सं झाली, साहेब."

मी म्हटलं, "तिला शेतात ठेवलं का?" आपल्या लिंगायतांत मयताला विमानात बसवून नेतात आणि पुरतात, तशीच रीत.

"न्हाई. बापाशेजारी ठिवा म्हणली व्हती. पर भावकीनं वाट दिली न्हाई. मयताचं विमान बांधावर दोन घंटे थांबलं. माय विमानात बसलेली, आन् समोर काटेरी कुंपण. शेवटी वढ्याच्या कडंला गायरानात ठिवली. लई वल असती तितं, बाराही महिने."

मी तिथं गेलो. माती हातात घेतली. मंजुश्री दर मंगळवारी फडक्यानं पुसते, तीच माती.

काल मंगळवार. काळा कोट अंगात जेमतेम शिरला. ओसरीवर टेबल मांडलं. अकरा वाजता सिद्धम्मा आली. उभा राहून मी निकाल वाचला. वादीचा दावा मंजूर, बैलगाडी जाईल एवढी आठ फुटांची वाट मोकळी करावी. जन्मठेप सुनावतानाही मी कधी उभा राहिलो नव्हतो. कागदावर सही करून तिच्यासमोर ठेवला. तिनं घडी घालून पिशवीत टाकला आणि उठली. दारात उभ्या मंजुश्रीला मी रिकाम्या ओसरीशी बोलताना दिसलो असेन, पण टेबलावरचा कागद नाहीसा झाला हे तिनंही पाहिलं. फडकं या वेळी तिनं माझ्या हातात दिलं.

कळावे, लोभ आहेच.

तुझा,
गुरुलिंगभाऊजी

ता. क. : सिद्धम्मानं विचारलं, "ताबा कोण देनार?" कायद्याप्रमाणे शेताची वाट तहसीलदार मोकळी करून देतो, आणि गेल्या महिन्यात तुझी बदली नेमकी त्याच तालुक्याला तहसीलदार म्हणून झाली, हे ताई फोनवर बोलत होती त्यातून कळलं. अभिनंदन. संगप्पाचा अर्ज मीच लिहून दिलाय, तो तुझ्या टेबलावर येईल. त्यावर तारीख देऊ नकोस. सिद्धम्माला तुझ्या कचेरीचा पत्ता दिला आहे, वार सोमवार.

आणखी एक, हे ताईला दाखवू नकोस. निकाल लिहिलाच नव्हता, हे खोटं आहे. लिहिला होता. तिच्या विरुद्ध. समोरचा वकील मोठा होता, आणि ती त्याच्या प्रत्येक प्रश्नाला "हाव", म्हणजे होय, म्हणायची. तो वाचून माझं मलाच बरं वाटेना, म्हणून बदलीच्या सकाळी चुलीत घातला. त्याचं एक अक्षर मी कधी कुणाला सांगितलं नाही, मंजुश्रीलाही नाही. काल जाताना सिद्धम्मा पायरीवर थांबली आणि म्हणाली, "पहिल्यापरीस ह्यो बरा लिहिलासा, साहेब."