पूर्णाकाठचं पाणी

प्रिय दादा,

दरवेळी मी ‘तीर्थरूप’ लिहिते. या वेळी हात तिथेच थांबला, म्हणून ‘प्रिय’ लिहिलं. ते खोटं नाही. लहानपणापासून तुझ्याइतकं प्रिय मला कोणी नव्हतं, आणि माझं दुखणं त्यातच आहे.

इकडे बरं चाललं आहे. वखरणी उरकली, बियाणं घरात येऊन पडलं आहे. उन्हाळ्यानं विहीर खाली गेली आणि पाणी नेहमीपेक्षा खारं झालं. बैल तोंड घालतात आणि परत काढून घेतात. माझी शालू मॅट्रिक झाली. अकोल्याच्या शाळेत विज्ञानात तिचा पहिला नंबर आला. निकाल कळला त्या दिवशी मला तू आठवलास.

वलगावचं घर आठवतं का तुला? तू अमरावतीला कॉलेजात होतास आणि शनिवारी सायकलीवर घरी यायचास. एकदा मायच्या हळद लागलेल्या फडक्यावर तू धुण्याच्या सोड्याचं पाणी टाकलंस आणि फडकं कुंकवासारखं लाल झालं. मी घाबरून मागे सरले. मग तू त्यावर लिंबू पिळलंस, तर ते पुन्हा पिवळं. तू म्हणालास, चिंच, लिंबू, ताक ही आम्लं. सोडा, चुना, राखेचं पाणी हे अल्क. दोघं मापात भेटले की दोघांचाही जोर जातो आणि मागे क्षार उरतो, जसं आपलं मीठ. माय ओरडली की फडकं नासवलं. पण मी त्या दिवसापासून चुलीपाशी बसले तरी हेच बघू लागले, की कशात काय घातलं तर काय होतं. तांब्याचा पाण्याचा गुंड घासायला चिंच का, मुंगी चावली तर चुना का. मला हे वेड तू लावलंस.

मग तू शाळेत विज्ञानाचा मास्तर झालास आणि मला अमरावतीला घेऊन गेलास. सकाळी तुझा स्वयंपाक, दिवसा शाळा, संध्याकाळी तुझ्यासमोर पुस्तक. गावातले लोक नावं ठेवत होते, तेव्हा तू बाबांना ठणकावून सांगितलंस, “मनकर्णा मॅट्रिक झाली का मी तिले कॉलेजात घालतो. कोनी मधात बोलू नका.” मी दाराआड उभी होते. माझ्यासाठी एवढं मोठ्यानं त्याआधी कोणी बोललं नव्हतं आणि त्यानंतरही नाही.

त्याच वर्षी पंजाबरावांचं स्थळ आलं. पूर्णेच्या काठची काळीभोर जमीन, कापसाच्या पैशावर बांधलेला वाडा, सासू नाही, जाच नाही. बाबा हरखले. एकट्या मायनं विचारलं, “तिकडचं पानी खारं हाय म्हन्तात. बाईमानसाचा जलम पान्यात जाते. पाह्यशीन बरं, देवराव.” तू मुलगा पाहायला गेलास आणि येताना त्यांच्या विहिरीचं बाटलीभर पाणी घेऊन आलास. मला किती अभिमान वाटला. सगळं जग पत्रिका बघतं, माझा भाऊ पाणी तपासतो.

दुसऱ्या दिवशी तुझा डबा घेऊन मी तुझ्या शाळेत आले. प्रयोगशाळेच्या खिडकीत काचनळी ठेवलेली होती आणि तिच्यात दाट, दह्यासारखं पांढरं काहीतरी बसलं होतं. मला बघून तू ती उचललीस आणि मोरीत ओतलीस. मी विचारलं, काय रे ते? तू म्हणालास, “काही नाही, पोरांचा प्रयोग.” तुझ्या बोटांची टोकं काळी पडली होती. ती शाई आहे असंही म्हणालास. साखरपुड्याच्या दिवशीसुद्धा ती काळीच होती.

आणि डबा आणला त्याच रात्री वलगावला जेवताना तू मायला सांगितलंस, “पानी तपासलं. जरासं जड हाय, डाय शिजाले येळ लागते, बस. चालते.” मी कॉलेजचं विचारलं तर म्हणालास, लग्नानंतरही शिकता येतं. माय निश्चिंत झाली. मी तर झालेच. तू तपासलेलं चुकतं कसं?

दादा, जड पाणी कसं असतं ते मला सांगू दे. अंगाला साबण लावला तर फेस होत नाही, दूध फाटावं तसा तो फाटतो आणि केसांत चिकटून बसतो. डाळ दुपारपर्यंत शिजते आणि तरी दाण्यासारखी दाताखाली येते. सोडा घातला की तिचा चिखल होतो आणि चव जाते. भांड्यांना आतून पांढरी खपली धरते. तिच्यावर चिंचेचं पाणी टाकलं की ती फसफसून सुटते, हे मी तू शिकवलेल्यातून शोधून काढलं आणि नवी नवरी म्हणून गल्लीत नाव कमावलं. बायका भांडी घेऊन माझ्याकडे यायच्या. पण खपली सुटली तरी पाणी खारंच. मी उकळून पाहिलं, तर आणखी खारं झालं. आम्लाला अल्क सापडतं, अल्काला आम्ल. मिठाला काय घालायचं, हे तू शिकवलं नव्हतंस.

पंजाबराव भले होते. शालू पोटात होती तेव्हा ते खाऱ्या पाण्याच्या पट्ट्याबाहेरच्या गावाहून बैलगाडीनं गोड्या पाण्याचे पिंप आणायचे, तेही भर कामाच्या दिवसांत. स्वतः मात्र विहिरीचंच प्यायचे. म्हणायचे, “आमचं पोट खाऱ्याचंच हाय. तू पे.” कधी आवाज चढवला नाही. मी माहेरी खुशालीची पत्रं लिहायची ती खोटी नव्हती.

मग त्यांचे पाय सुजू लागले. आधी वाटलं उभं राहून. नंतर तोंड सुजलं, जेवण सुटलं. अकोल्याच्या दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंडं गेली आहेत. मी विचारलं, पाण्यानं का? ते म्हणाले, तुमच्या भागातली अशी माणसं येतात खरी, पण पाण्यानंच म्हणून मी सांगू शकत नाही. त्यांना जे ठाऊक नव्हतं ते ते बोलले नाहीत. म्हणून मीही आज तुला त्यांच्या मरणाचा दोष देत नाही. तू आलास, खांदा दिलास, शालूला जवळ घेऊन रडलास. ते रडणं खरं होतं हे मला कळतं.

पण त्याआधीचं तुला माहीत नाही. दवाखान्यात एका दुपारी ते जरा हुशारीत होते. मी त्यांचे ओठ ओल्या फडक्यानं पुसत होते. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, “तुले एक सांगू? देवराव पाहाले आले तवा मी त्याईले सोताहून सांगतलं होतं का, पानी खारं हाय, आमच्या घरातले दोघं त्यानंच गेले म्हन्तात. पोरीले पयले सांगा, तिचं हो असन तरच पुढं बोलू. मंग तुयं हो आलं. तू समदं ठाऊक असून आली. मले जलमभर त्याची लय धन्यता वाटली.”

दादा, मला कोणी विचारलं नव्हतं. माझं ‘हो’ कोणीतरी माझ्या वतीनं देऊन टाकलं होतं आणि हा माणूस इतकी वर्षं त्या ‘हो’च्या बळावर माझ्याशी इतका चांगला वागला होता. मी मान हलवली. म्हटलं, “हो, ठाऊक होतं.” त्यांचा डोळा लागला. चार दिवसांनी ते गेले.

त्यानंतर तीन वर्षं मी तुझी बाजू लढले, स्वतःशीच. म्हटलं, ते आजारात बोलले, काहीतरी घोटाळा झाला असेल. म्हटलं, तपासताना दादाची चूक झाली असेल. तेव्हा तोही नवाच होता. तू खोटं बोललास यापेक्षा तुला येत नव्हतं हे मानणं मला सोपं गेलं.

या हिवाळ्यात शालूच्या शाळेत मुलींना घरचं पाणी आणायला सांगितलं. तिनं आपल्या विहिरीचं नेलं. बाईंनी प्रत्येक नळीत सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले; पाण्यात मीठ जितकं जास्त, तितकं ते पांढरं होतं. सुट्टीत ती घरी आली आणि हसत सांगू लागली, “आई, अकोल्याच्या पोरीईचं पानी नुसतं धुरकट झालं. आपलं तं दहीच झालं. समद्या वर्गात आपलंच पांढरं. आन हे पाह्य, बोटाले लागलं तं निघतच नाही.” तिनं बोटं पुढे केली. टोकं काळी होती.

मी उठून मागच्या अंगणात गेले. शालूला वाटलं चूल पाहायला गेले. सोळा वर्षांच्या पोरीला जे नजरेनं कळतं ते विज्ञानाच्या मास्तराला कळलं नाही, असं मी आता कोणाला सांगू? तुझी चूक झालीच नव्हती. तुझा प्रयोग बरोबर आला होता.

पंजाबरावांचे चुलते भगवंतराव तेव्हा तुझ्या शाळेच्या मंडळावर होते. माझं लग्न वैशाखात झालं आणि जुलैत तू शाळेच्या नोकरीत कायम झालास. हे दोन्ही मला तेव्हापासून ठाऊक आहे. शेजारी शेजारी ठेवून कधी पाहिलं नव्हतं. तू मला विकलंस असं मी म्हणत नाही. घर चांगलं होतं, माणूस सोन्यासारखा निघाला. मला खरं सांगितलं असतंस तर त्यांना पाहून मी कदाचित होही म्हटलं असतं. पण मग त्यांच्या डोळ्यांत ज्या गोष्टीची धन्यता होती ती खरी असती. ती तू आम्हां दोघांचीही घालवलीस.

आता हे सगळं आजच का लिहिते, ते सांगते. परवा आमच्या गल्लीतले खुशालराव तुझा निरोप घेऊन आले. धामणगावच्या व्यापाऱ्याचा मुलगा, रविवारी तू पाहुण्यांना घेऊन शालूला दाखवायला येणार, तिनं कॉलेजच्या गोष्टी डोक्यातून काढाव्या, लग्नानंतरही शिकता येतं. आणि वर म्हणाले, “तुमी काई चिंता करू नका. देवरावनं समदं पाहून घेतलं हाय.” दादा, रविवारी येऊ नकोस. शालूचं नाव मी अकोल्याच्या कॉलेजात घातलं आहे, विज्ञान शाखेला, आणि शनिवारच्या मोटारीनं ती जाते आहे. कुठे जायचं हे मी तिलाच विचारलं, आणि आपल्या विहिरीबद्दल, तिच्या बापाबद्दल मला जे ठाऊक आहे ते सगळं तिला सांगितलं. तुझ्याबद्दल अजून सांगितलं नाही. तिचा मामा तिला फार आवडतो. तू एकदा एकटा ये आणि तिला स्वतःच्या तोंडानं सांग. दिवाळीपर्यंत आला नाहीस, तर मी सांगेन.

तुझीच, अजूनही,
मनकर्णा