फाटकाबाहेरची भाऊबीज

उज्जैन,
धनत्रयोदशी, १८ ऑक्टोबर २०२५

चि. विहंग,

ताईचे अनेक आशीर्वाद. चकल्या जमल्या, अनारसे फसकले. माईने टावर चौकातून तुला शर्ट आणलाय. मापावरून तिला तू अजून कॉलेजातच वाटतोस. भय्यासाहेबांचंही "त्याला करंजी आवडते ना अजून?" हे विचारून झालंय.

आता मुद्द्याचं. आधी पाणी पी. भाऊबीजेला येऊ नकोस.

फोनवर बोलले असते तर तू दाणकन ठेवला असतास, म्हणून लिहिते. या पत्राचा फोटोच पाठवतेय, माझ्या हातचा कागदसुद्धा तुझ्याकडे नको. आमचं पशुवैद्यक खातं सध्या रानडुकरांचं रक्त तपासतंय. तुझ्या फार्ममागच्या नाल्यातल्या डुकरांना स्वाईन फीव्हर होऊन गेल्याच्या खुणा निघाल्या. ती बरी होऊन हिंडताहेत. तुझी मात्र पटापट मरतील रे! परवाच रक्त काढताना मी त्या रानडुकरांना धरून होते. कितीही धुतलं तरी काही दिवस आम्ही डुकरं पाळणाऱ्याजवळ फिरकायचं नाही, आणि तू इथे जेवून थेट तुझ्या डुकरांतच जाणार. लस टोचायला दुसरे डॉक्टर येतील, पण तिचा गुण यायला वेळ जातो. तोवर कुणाला आत घेऊ नकोस. डुकरांना हॉटेलचं खरकटं घालणं आजपासून बंद, त्यातूनही हा रोग येतो.

तुझ्या मनात काय येईल ते कळतंय मला. "डुकरं पाळणारा माझ्या उंबऱ्यात नको" म्हणणारे भय्यासाहेब यंदा स्वतः म्हणाले, बोलाव त्याला. यासाठी किती वर्षं तुम्हा बापलेकांची मनधरणी केली मी! आणि आता नको म्हणायची पाळी माझ्यावरच. खूप रडले रे. चिडू तरी कुणावर, रानडुकरांवर?

भय्यासाहेबांना भीत भीत सांगितलं. वाटलं, पुन्हा तोंड फिरवतील. तर म्हणाले, "मग मी जातो."

मी म्हटलं, आत जाता येणार नाही, फाटकाबाहेरच उभं राहावं लागेल.

"अगं, त्याला मी इतकी वर्षं बाहेर उभा केला. एक दिवस मी उभा राहतो, उसमें क्या!"

भाऊबीजेला सकाळी फार्मच्या फाटकाशी ये, भय्यासाहेब बाहेर उभे असतील. मी इथे गच्चीवरून तुझ्या दिशेला ओवाळीन. चंद्राला नाही हं, ज्यांना भाऊ नसतो त्या चंद्राला ओवाळतात.

भय्यासाहेबांना उन्हात फार वेळ ठेवू नकोस. गुडघे दुखतात, पण सांगणार नाहीत.

तुला येऊ नको म्हणणारी, तुझीच,
केतकीताई