नळीतला बुडबुडा

२६ जानेवारी
ग्रामसभेत बोलून बसलो! पंपाशिवाय, नुसत्या ढाळावर, झऱ्याचं पाणी गावच्या टाकीत आणून दाखवतो. पाणनळीने, म्हणजे पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने, पातळी मोजलीय — झरा टाकीपेक्षा चार फूट वर. टाळ्या! सरपंच जगदेवभाऊ म्हणाले, "हबीब मिस्त्री म्हंजे आपला इंजिनिअर!" वच्छलाबाईंनी उभ्या हरभऱ्यातून चर खणायला जमिनीचा पट्टा दिला.

२८ जानेवारी
माझ्या मुलीचं, मंतशाचं, किन्हीराजा गावच्या शाळेत भाषण आहे — हजार वर्षांपूर्वीच्या इब्न अल-हैथमवर. जेवताना वाचून दाखवलं. डोळ्यातून किरण निघत नाहीत, उजेड वस्तूवरून डोळ्यात येतो — हे त्याने अंधाऱ्या खोलीत ताडून पाहिलं. मोठा माणूस. पण त्याआधी म्हणे बढाई मारली, नाईल नदी अडवून दाखवतो! खलिफाने बोलावलं. नदी पाहिली, जमणार नाही हे कळलं. मग मान वाचवायला वेडाचं सोंग घेतलं — खलिफा मरेपर्यंत!
मी पोट धरून हसलो.
"अब्बा, तुमी किती डाव मोजलं?"
"एक डाव."
ती हसली नाही.

२९ जानेवारी
एकटाच जाऊन पुन्हा मोजलं. नळीत हवा अडकली की पाणी खोटं बोलतं — पंचवीस वर्षं मजुरांवर हेच ओरडतो. आज हवा काढून मोजलं. झरा दोन फूट खाली!

३० जानेवारी
चर सुरू. माझी कंबर धरली. वेडाचं सोंग घेतलं असतं, पण गावाला फरक कळला नसता. बायकोने, जैतुनबीने, शेकायला वीट तापवून दिली. "काल तं बकरीच्या पाल्यासाठी बाभळीवर चढून राह्यले होते," एवढंच म्हणाली.
नमाज बसून पढलो. आजाऱ्याची सवलत, धडधाकट माणसाने. अल्लाहसमोरसुद्धा सोंग!

१ फेब्रुवारी
जगदेवभाऊ संत्री घेऊन आले. राहवलं नाही, खरं सांगितलं. त्यांनी आधी दार लोटलं, मग हसले. "मले माहीत हाय, मिस्त्री. मी मोजून घेतलं. निवडणूक होऊ द्या, तवर पडून राहा न!"
त्या खलिफाला निदान सोंग आहे हे माहीत नव्हतं. आमच्या खलिफाला सगळं माहीत! माझं सोंग आता त्यांच्या कामाचं. आणि तिकडे वच्छलाबाईंचा घाट्यावर आलेला, काढणीला टेकलेला हरभरा उपटला जातोय.
संत्री गोड होती. खाल्ली.

२ फेब्रुवारी
चरावर गेलो. सगळ्यांसमोर सांगितलं — पाणी येणार नाही, चूक माझी, आणि सरपंचांना ठाऊक आहे.  वच्छलाबाईंनी फावडं माझ्या हातात दिलं.
"बुजवा," म्हणाल्या.