खवल्यांची झालर

मंगळवार, संध्याकाळ, करी रोड

गिरगावच्या खडकांवर मला सापडलेल्या खवलेवाल्या समुद्री किड्याला माझे गाईड सर नवी जात म्हणतात, कारण त्याच्या खवल्यांच्या कडेला बारीक केसांची झालर नाही. सरांनी तसा पेपरही पाठवलाय. त्याला माझ्या आईचं नाव द्यायचं ठरलंय आणि तिने ते अख्ख्या चाळीला सांगितलंय. आज त्याच खडकावरचा ताजा किडा मायक्रोस्कोपखाली ठेवला. बाकी सगळं तेच, पण झालर होती! आधीच्या नमुन्यांची झालर मीच ब्रशने चिखल काढताना घासून टाकली. म्हणजे ही आधीच माहीत असलेली जात. सांगू कसं? आणि गप्प तरी कशी राहू?

शेवटी सरांना फोन केला. "सर, झालर माझ्याकडून गेली." त्यांनी सगळं नीट विचारून घेतलं. मग म्हणाले, "पेपर मी मागे घेतो. आईला तू सांग."

ती आत चपात्या लाटतेय. मी अजून इथेच बसलेय.