नुसते पाय

आई, आधी आशीर्वाद दे, मग पुढे वाच.

इथे आयोवात थंडी आहे, पण जेवण बरं आहे. फक्त तुझ्यासारखा कच्ची केळी उकडून कुस्करलेला मांगू कुणाला जमत नाही. पपांची पाठ कशी आहे?

आमच्या बेसबॉल संघाचे कोच ड्रिस्कॉल परवा सगळ्यांसमोर म्हणाले, "युदी, तू म्हणजे नुसते पाय रे! पाय थकले की तुला कोण विचारतंय?"

मीही म्हटलं, "घड्याळ लावून बघा!"

काल लावलं. माझी धाव नेहमीपेक्षा हळू निघाली, तरी दूरचे दहापैकी नऊ झेल मी घेतले. कोच घड्याळ हलवून बघत राहिले! तिकडे बेटावर आपल्या गल्लीत झाडूच्या दांड्याने बाटलीचं झाकण टोलवायचो, ते हवेत कुठेही वळायचं. मारणाऱ्याचं मनगट बघूनच पळावं लागायचं. मी अजूनही तसाच, बॅट चेंडूला लागायच्या आत निघतो. ते कुठल्या घड्याळात दिसणार?

धाव हळू का होती, हे मात्र त्यांना सांगितलं नाही. मांडी दुखावली आहे. पपांना कळू देऊ नकोस, आणि तू रडू नकोस.

त्यांना पाय मोजू देत. मी लंगडत पळूनही चेंडूच्या आधी पोचलो.

तुझाच,
युदी