मिटल्या ओठांची जांभई

६ जानेवारी, मंगळवार

हर्षिताबाईंनी आज कागदावर नाक काढलं. त्या आवाजाच्या आणि श्वासाच्या व्यायामाच्या बाई. नाकापासून एक रेघ निघाली – घसा, स्वरयंत्र, श्वासनळी, मग दोन फाटे, फाट्यांना आणखी फाटे, टोकाला बारीक फुगे. "अण्णा, सगळ्यांची हवा अशी जाते." मग लाल पेनानं ती रेघ घशापाशी तोडली आणि गळ्याला एक भोक काढलं. "तुमची इथून."

मला काय सांगतात? सप्टेंबरात स्वरयंत्र काढलं तेव्हापासून त्या भोकावरच जगतोय. पण एक गोष्ट मला आजवर कुणी धड सांगितली नव्हती. माझ्या नाकाला काही झालेलं नाही. नाक धडधाकट आहे. त्यातून हवाच जात नाही, म्हणून वास नाही. गिऱ्हाईकच दाराशी येत नाही तर दुकानदार काय करणार!

पाटीवर लिहिलं – परत येईल?

"येतो बऱ्याच जणांचा. स्वल्प वेळ लागेल."

७ जानेवारी

व्यायाम असा – ओठ मिटायचे आणि आतल्या आत जांभई द्यायची. जबडा खाली, जीभ खाली. चारचौघांत जांभई लपवतो तशी. तोंडात पोकळी होते आणि बाहेरची हवा नाकातून आत ओढली जाते. फुप्फुसांचा ह्यात काही संबंध नाही.

आरशात करून पाहिलं. म्हैस रवंथ करते तसा दिसतो. माझा लेक अभिराज हसला, मग माझ्याकडे बघून त्यानं हसू आवरलं. हस की रे, म्हणायचं होतं. पाटी लांब होती.

९ जानेवारी

यशवंतपूरला दुकानात जाऊन आलो. उभा जन्म मी तिथं कॉफीच्या बिया भाजल्या. कधी घड्याळ लावलं नाही. वास पालटला की बिया उतरवायच्या, तो क्षण नाकाला कळायचा. आज हाताखालचा किरणकुमार भाजत होता, मी शेजारी उभा. बिया काळ्या पडल्या हे डोळ्यांना दिसलं तोवर उशीर झाला होता.

"खंडोजीअण्णा, सरी का?" त्यानं कानडीत विचारलं, बरोबर झाली का म्हणून. मी हो म्हणून मान हलवली. सरी कसली, करपली होती.

वर भट्टीचा धूर तडक छातीत. नाक होतं तेव्हा हवा गाळून, ओली करून, कोमट करून आत पाठवायचं. आता तसली काही चाळणी नाही. रिक्षात बसेपर्यंत खोकत होतो.

ठरवलं – युगादीपर्यंत, म्हणजे पाडव्यापर्यंत, नाक आलं नाही तर दुकान बंद. दुसऱ्याच्या नाकावर माझ्या नावाची कॉफी विकायची नाही. अभिराजला लिहून दाखवलं. "आधी तब्येत, अप्पा," एवढंच म्हणाला.

११ जानेवारी

थंडी कोरडी आहे. भोकाशी खपल्या धरतात, श्वास शिट्टीसारखा वाजतो.

अभिराजची आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. व्हाइटफील्डच्या ऑफिसातून दमून येतो, तरी आधी हात धुतो आणि मला खुर्चीत बसवतो. मोबाईलचा उजेड पाडून भोकात औषधी पाण्याचे थेंब सोडतो, चिमट्यानं खपली काढतो. मी खोकलो की सगळं त्याच्या शर्टावर. एकदाही तोंड वाकडं केलं नाही. नर्स ठेवू या म्हटलं तर रागावला. असा मुलगा दिलास, देवा, मला आणखी काय पाहिजे.

रोज विचारतो, "आला का वास?" माझ्यापेक्षा त्यालाच घाई.

१२ जानेवारी

काही नाही. नुसता जबडा दुखतो.

१५ जानेवारी, संक्रांत

वरच्या मजल्यावरच्या हेमावतीअक्का एळ्ळु-बेल्ल घेऊन आल्या. तीळ, गूळ, खोबरं – जिभेला गोड लागलं, पुढं काही नाही. जाता जाता तक्रार करून गेल्या. हल्ली संध्याकाळी जिन्यात सिगारेटचा वास येतो. तळमजल्यावरच्या भाडेकरू पोरांचीच कामं असणार.

माझं टाळकं फिरलं. माझा गळा कशानं गेला? डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, सिगारेटनं. पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं – त्या पोरांना वर पाठवा, माझं भोक दाखवतो. अक्का म्हणाल्या, जाऊ दे अण्णा, सणाच्या दिवशी कशाला.

"मी बोलतो त्यांच्याशी," अभिराज म्हणाला.

१९ जानेवारी

आज काहीतरी झालं. हर्षिताबाईंनी निलगिरीची बाटली धरली होती. मी जांभई दिली आणि नाकात थंड वारं शिरलं. वास नाही. नुसतं वारं. पण माझ्या नाकात, इतक्या महिन्यांनी! "आता वासही येईल, अण्णा." मी तिथंच रडलो. लाज वाटली नाही.

अभिराजला सांगितलं. त्यानं माझा खांदा दाबला.

किरणकुमारकडून ताज्या भाजलेल्या बिया मागवून उशाशी ठेवल्यात. पहिला वास त्यांचाच यावा.

२३ जानेवारी

वास आला.

संध्याकाळी अभिराज माझ्या गळ्याशी वाकून खपली काढत होता. मी सवयीनं ओठ मिटून जांभई दिली, आणि त्याच्या शर्टाचा वास आला. ताजा, सिगारेटचा. ओळखायला वेळ लागला नाही. उभा जन्म तो माझ्याच शर्टाला यायचा.

"आला का वास, अप्पा?"

पाटी मांडीवर होती. ती बाजूला सारली. त्याचा हात धरला आणि तळवा भोकासमोर आणला. माझा श्वास त्याच्या तळव्यावर लागत राहिला. त्यानं माझ्याकडे पाहिलं. हात ओढून घेतला नाही.